अंदाजे त्रेपन्न

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हाऊसकीपिंगच्या कामात मी एकोणीस वर्षं काढली, पण स्वतःच्या हाताने फरशी पुसली ती फार तर पहिले सहा महिने. नंतर मी सुपरवायझर झाले. हातात मॉपऐवजी यादी आली, आणि बाया मला ‘मॅडम’ म्हणू लागल्या. तेव्हा या लेखात घामाच्या गोष्टी आल्या, तर तो घाम माझा नाही.

मला नोकरीची गरज नव्हती, हेही खरं. आमच्या सूस गावात जमिनींना भाव आला तेव्हा यांनी अडीच एकर विकली आणि उरलेल्या गुंठ्यांवर अकरा खोल्या बांधल्या. हिंजवडीला कामाला जाणारी मुलं त्या खोल्यांत भाड्याने राहायला आली. भाड्यावर घर चालू लागलं. सासूबाई म्हणायच्या, “आता तुला काय कमी हाय गं? दुसऱ्याचे संडास धुवाया कशाला जातीस?” भाडं यांच्या हातात यायचं. पगार माझ्या हातात यायचा. एवढाच फरक होता, पण मला तो पुरेसा होता.

आमचं काम बाहेरच्यांना नीट कळत नाही, म्हणून सांगते. आयटी पार्कमधली इमारत एकाची असते, तिच्यातली कंपनी दुसऱ्याची, साफसफाईचं कंत्राट तिसऱ्याकडे आणि बाया पुरवणारा चौथाच कुणीतरी. बाई मात्र जवळच्या घोटावडे नाहीतर कासारसाई गावची. दोन-तीन वर्षांनी कंत्राट बदलतं. शुक्रवारी निळ्या शर्टात घरी गेलेली बाई सोमवारी मरून रंगाच्या शर्टात येते. मजला तोच, बादली तीच, बाई तीच. फक्त तिचा मालक बदललेला असतो, आणि तो तिने कधी पाहिलेला नसतो.

बाई कामाला घेताना मी कागद बघत नसे. ओला मॉप हातात द्यायचा आणि पिळ म्हणायचं. जी मनगट वळवून पिळते ती टिकते. जी नुसतीच दाबते ती आठवड्यात पाठ धरून बसते. या परीक्षेत माझी चूक क्वचितच झाली. माणूस बघून ओळखायची आपल्याला चांगली सवय झाली आहे, असं मला वाटू लागलं होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ बहुधा त्यातच होतं.

शालन माझ्याकडे आली ती अशीच. कासारसाईच्या पलीकडे त्यांची वस्ती. घरची मेंढरं. चराऊ रानं एकेक करून कुंपणात गेली, तशी मेंढरं विकत विकत पंधरा-सोळावर आली होती. नवरा ती राखायचा. ही रोजाने खुरपायला जायची, आणि खुरपायची शेतंही कमी होत चालली होती. उंच, काटक बाई. चेहरा उन्हाने पार करपलेला, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. मॉप तिने असा पिळला की पुसायला पाणीच उरलं नाही. मी म्हटलं, “अगं, जरा ओला राहू दे.” ती म्हणाली, “मग पिळ म्हनला कशाला?”

पँट-शर्टाचा युनिफॉर्म घालायला बाया लाजायच्या. साडीवर शर्ट चढवून यायच्या आणि इमारतीत शिरल्यावर पँट घालायच्या. गावात सांगताना ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगायच्या. शालन मात्र पहिल्या दिवसापासून घरूनच पँट घालून बायांना आणणाऱ्या व्हॅनमध्ये बसली. कुणी विचारलं तर सांगायची, “संडास धुते. तुमच्या घरचा धुवायचाय का?”

तिचा एक प्रसंग सांगते. सातव्या मजल्यावर एक इंजिनिअर मुलगी वॉशरूममध्ये कडी लावून रडत बसली होती. मोठ्या कंपनीत कुणाची नोकरी जाणार हे आम्हाला त्यांच्या शेजारच्या टेबलाआधी कळायचं, कारण रडायला दुसरी जागा नसते. मी खाली निरोप द्यायच्या विचारात होते. तेवढ्यात शालनने दारावर टकटक केलं आणि म्हणाली, “बाय, बाहीर ये. तोंडावर पानी मार. काम गेलं तर गेलं. माझ्याकडं ये, मेंढरं राखाया मानूस पायजेच हाय.” आतलं रडणं थांबलं. मग हसण्याचा आवाज आला. मुलगी बाहेर आली, शालनने दिलेली अर्धी भाकरी तिथेच वॉशबेसिनपाशी उभी राहून खाल्ली आणि गेली. परत दिसली नाही.

शालनला कामाला लागून दोन वर्षं झाली असतील. पगार बँकेत जमा होणार, त्यासाठी आधार कार्ड हवं, असं एजन्सीने कळवलं. ज्यांच्याकडे नव्हतं अशा चाळीस बाया घेऊन मी एका शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या शिबिराला गेले. दुपारी दोनच्या शिफ्टला त्यांना परत पोचवायचं होतं. रांग लांब, मशीन मधेच बंद पडत होतं. चाळिसातल्या बारा जणींकडे जन्माचा काहीच पुरावा नव्हता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया. मशीनवरचा माणूस तारीख विचारायचा, बाई माझ्याकडे बघायची, आणि मी आकडा सांगायचे. तो त्यावरून साल काढायचा आणि पुढे पहिली जानेवारी टाकायचा. त्या दिवशी माझ्या बाराही बाया एकाच तारखेला जन्मल्या.

पारू नावाची एक हसरी बाई होती. केसांना मेंदी, तोंडात कायम काहीतरी चघळायला. पंचावन्नच्या पुढे नक्कीच असेल. पण तिने कानात सांगितलं, “ताई, जरा कमी सांगा. पुढं कामाला बरं पडंल.” मी पंचेचाळीस सांगितलं. आणखी तिघींचंही असंच चार-आठ वर्षं कमी करून दिलं. वाटलं, कुणाचं काय जातंय?

मग शालन पुढे आली.

“वय?” त्याने विचारलं.

“काय म्हाईत?” ती म्हणाली.

“अंदाजे सांगा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहत होते. विचारलं, “नातवंडं आहेत का गं तुला?”

“दोन हायेत की. थोरलीची.”

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि माझा मुलगा बारावीत होता. नातवंडं म्हणजे पन्नाशीच्या पुढे, असा माझा सरळ हिशेब. त्यात तो चेहरा समोर. मी म्हटलं, “त्रेपन्न लिहा.”

“काय लिवलं?” शालनने विचारलं.

“काही नाही, वय लिहिलं. अंगठा ठेव तिथे.”

तिने ठेवला. मी पुढच्या बाईला हाक मारली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत शालनची धाकटी मुलगी पूनम बारावी झाली आणि नर्सिंगला लागली. वस्तीवरून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. फी शालनच्या पगारातून जायची. पूनमचा पांढऱ्या कोटातला फोटो ती शर्टाच्या खिशात ठेवायची आणि मजल्यावरच्या लोकांना दाखवायची. साहेब लोक लिफ्टमध्ये मोबाइलवरून मान वर काढून तो फोटो बघायचे.

मग कंत्राट पुन्हा बदललं. नव्या एजन्सीने सगळ्यांचे कागद तपासायला घेतले. अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या बायांना पुढे घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. कागदपत्रं बघणारे साहेब तिशीतले होते, स्वभावाने सभ्य. त्यांनी मला यादी दिली आणि म्हणाले, “मॅडम, या सहा जणींना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील.” यादीत शालनचं नाव होतं. पारूचं नव्हतं.

मी शालनला पँट्रीत बोलावलं. “शालन, तुझं वय झालं म्हणतात. या महिन्याअखेर थांबायचं.”

“कशाचं वय?” ती म्हणाली.

“अठ्ठावन्न.”

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं. म्हणाली, “ताई, मी तुमच्यापरीस ल्हान हाय.”

“असं कसं?”

“आसं कसं काय? चवदाव्या वर्साला माझं लगीन झालं. सोळाव्याला थोरली झाली. थोरली आता तीस वर्सांची हाय. करा की हिशेब.”

मी केला. सेहेचाळीस. मी स्वतः बावन्न वर्षांची होते. माझ्याहून सहा वर्षांनी लहान बाईला मी म्हातारी म्हणून घरी पाठवत होते.

प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता. फंडाची दहा वर्षं भरली, तर अठ्ठावन्ननंतर दरमहा पेन्शन बसते. थोडीच, पण मरेपर्यंत मिळते. शालनची सातच भरली होती. खऱ्या वयाने ती आणखी बारा वर्षं काम करू शकली असती. आणि पूनमचं शिक्षण अर्ध्यावर होतं.

तारीख दुरुस्त करायला आम्ही हिंडलो. हो, मी तिच्याबरोबर हिंडले. रजा टाकली. आधार केंद्रावर म्हणाले, जन्माचा पुरावा आणा. तिला शाळा नाही, जन्माची नोंद नाही. तिच्या पाठचा भाऊ चौथीपर्यंत शिकला होता. आम्ही त्याची शाळा गाठली. मुख्याध्यापकबाई भल्या होत्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. भावाची जन्मतारीख मिळाली. तो त्रेचाळीस वर्षांचा. शालन त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, त्याला तिने कडेवर घेऊन हिंडवलेलं. पण भावाचा कागद बहिणीला चालत नाही.

मग कुणीतरी सांगितलं, सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला चालेल. आम्ही एका दवाखान्यात गेलो. दोन तास बसलो. डॉक्टरांच्या पुढे माणसांची रांग होती. त्यांनी शालनकडे पाहिलं, दात बघितले, विचारलं, “नातवंडं?”

शालन म्हणाली, “चार.”

त्यांनी कागदावर लिहिलं, ‘अंदाजे पंचावन्न ते साठ.’

मी उसळले. “अहो डॉक्टर, असं नुसतं बघून कसं लिहिता? बाई उन्हात राबलीय, तिचं लग्न लहानपणी झालंय...” डॉक्टर म्हणाले, “मग तुम्हीच सांगा, कसं लिहू?” मीही नुसतं बघूनच सांगितलं होतं. शालन मात्र शांत होती. बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, “चला, चा घेऊ. तुमचं त्वांड लई उतरलंय.”

तिला ठाऊकच नव्हतं. शिबिरात त्या मिनिटात काय झालं ते ती विसरली होती. तिच्या मते मशीनने चूक केली होती. “मशिनीला काय कळतंय?” असं ती चार जणींना सांगायची आणि मी शेजारी उभी राहून ऐकायचे.

आता खरी गोष्ट. मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते विचारात पडले. म्हणाले, “मॅडम, एक करता येईल. ही तारीख तुमच्या सांगण्यावरून, अंदाजाने पडली, असं तुम्ही लेखी द्या. भावाचा दाखला जोडा. मी वर पाठवतो. बघू, अपवाद करतील कदाचित. पण एक लक्षात घ्या. मग ते विचारतील, तुमच्या सांगण्यावरून अशा आणखी किती तारखा पडल्या.”

बारा. त्यातल्या चौघी कागदावर तरुण होत्या. पारू खऱ्या वयाने साठीला पोचली होती आणि तिचा नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला होता. तपासणी झाली असती तर त्या चौघी गेल्या असत्या. आणि खोटी वयं सांगणारी सुपरवायझर म्हणून मीही.

घरी येऊन मी तो कागद लिहिला. एक पानभर, स्वच्छ अक्षरात. यांना वाचायला दिला. हे म्हणाले, “देऊन टाक की. नोकरी जाईल? जाऊ दे. तुला गरज काय आहे नोकरीची?”

मी म्हटलं, “आणि त्या चौघींचं काय?”

“ते मात्र खरं,” हे म्हणाले.

ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. चौघींचं नाव पुढे करताना मला बरं वाटत होतं, हेही मला कळत होतं. सकाळी इमारतीत शिरले की सुरक्षारक्षक उठून ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायचा. चाळीस बाया माझ्या एका शब्दावर मजले बदलायच्या. अकरा खोल्यांची मालकीण असूनही घरात मला विचारून कुणी कधी एक गोष्ट केली नव्हती. मला ते सोडायचं नव्हतं. मी कागद साहेबांना दिला नाही. शालनला सांगितलं, “काही होत नाही गं. सगळं करून बघितलं.”

शेवटच्या दिवशी तिने युनिफॉर्म धुऊन, घडी घालून आणला. ओळखपत्र दिलं. मग म्हणाली, “ताई, बूट ठिवू का? रानात काट्याकुट्यात लई बरं पडत्यात.” बूट परत घ्यायचा नियम होता आणि माझ्यापुढे रजिस्टर उघडं होतं. मी म्हटलं, “नाही गं, जमा करावे लागतात.” तिने तिथेच वाकून बूट काढले. चपला आणल्या नव्हत्या. व्हॅनपर्यंत अनवाणी गेली. एका जोडीची नोंद चुकली असती, तर इमारत कोसळणार नव्हती.

पूनमचं नर्सिंग दुसऱ्या वर्षात सुटलं. फीसाठी मी मदत करते म्हणाले, तर शालनने घेतली नाही. “एकदा घेतलं की दर बारीला घ्यावं लागंल,” म्हणाली. पूनम घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि पुढे तिचं लग्न झालं. हे सगळं मला व्हॅनमधल्या बाया सांगायच्या. मी स्वतः तिच्या वस्तीवर कधी गेले नाही.

मी निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. फंडाची माझी वर्षं दहाच्या वर भरलेली होती, मला पेन्शन बसली. पहिल्यांदा जमा झाली तेव्हा बँकेतून घरी येईपर्यंत शालन डोळ्यांपुढून हलली नाही. मग यंदा डोक्यात आलं, कागदावर ती आता पासष्टच्या पुढे गेली असणार. म्हणजे म्हातारपणाचा सरकारी पगार तिला मिळू शकेल. माझ्या चुकीने निदान एवढं तरी तिच्या पदरात पडेल. मी फॉर्म आणला, जमेल तेवढा भरला आणि चौकशी करत निघाले.

कासारसाईच्या धरणाकडे शनिवार-रविवारी गाड्या भरून लोक येतात. तिथल्या एका हॉटेलमागे ती भांडी घासत होती. चौपन्न वर्षांची बाई. मला बघून उठली, हात पुसले, आनंदाने म्हणाली, “ताई! केस पांढरं झालं की वो तुमचं!” तिचे अजून बरेच काळे होते.

मी फॉर्म दाखवला, समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तो परत दिला. “नगं ताई. पगार चालू झाला की समद्या गावात व्हतं, म्हातारी झाली म्हून. मग कामाला कोन बोलवंल? ह्यो हाटेलवाला बी दुसरी बघंल. एकदा गेलं काम कागदापायी. आता आजून न्हाई.”

“अगं, पण ते कागदावरचं वय...” मी म्हटलं आणि थांबले. मग सांगितलंच. शिबिर, नातवंडांचा प्रश्न, त्रेपन्न. साहेबांनी मागितलेला कागद, तो मी लिहिला होता हे, आणि दिला नाही हे. पारूचं आणि बाकी तिघींचं. आणि मला मॅडम राहायचं होतं हेही.

ती तिथेच पाटावर बसली. नळ चालू होता, तो तिने बंद केला.

“पारू का?” तिने विचारलं.

“हो.”

“तिचा दादला तवा आंथरुनात हुता.”

“हो.”

ती समोरच्या पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिने शिव्या द्याव्यात म्हणून मी थांबले होते. त्या मी घेतल्या असत्या आणि हलकी होऊन घरी गेले असते.

“ताई,” ती म्हणाली, “तुमी मला इचारायचं हुतं. पारूचं काम जातंय म्हनला असता, तर मीच म्हनले असते, ऱ्हाऊ द्या कागद. पर मला इचारायचं हुतं.”

महिनाभर मी तिच्याबरोबर कचेऱ्या हिंडले, शाळा हिंडले, दवाखान्यात बसले. रात्ररात्र तिचा विचार केला. पण तिला विचारावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. नुकसान तिचं होतं आणि निवाडा मी एकटीने केला होता, तिच्याकडे द्यायला काही नाही असं धरून.

पुढून कुणीतरी ताटं मागितली. शालन उठली, धुतलेल्या ताटांची चळत उचलून आत गेली. मी थोडा वेळ उभी राहिले. तिथे गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि ती परत बाहेर येईना. फॉर्म पिशवीत घालून मी रस्त्याला लागले.